राजीनामा तिने दिलेला नाही

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजात मुलींचा सायबर सिक्युरिटी क्लब आहे, त्याची ती सचिव. रात्र रात्र जागून हॅकिंगच्या स्पर्धा खेळतात. सीजीपीए 8.4 वरून 7.9 वर आला. हॅकिंग म्हणजे शेवटी गुन्हाच, उद्या पोलीस दारात आले तर? तिचा पासवर्ड मला माहीत होता, म्हणून तिच्या ईमेलवरून मीच क्लबचा राजीनामा पाठवला. आठ दिवस ती बोलत नाही. आता सीईएच (एथिकल हॅकिंगचं प्रमाणपत्र) करायला लावू की गेटची (एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेची) तयारी? – एक पालक, सातारा

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. तिला न विचारता, तिच्या नावाने, तिच्या खात्यातून तुम्ही राजीनामा पाठवलात. काळजीपोटी केलंत हे कळतं. पण हे चुकलं, आणि तसं सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. वीस वर्षांच्या मुलीने मैत्रिणींना काय सांगायचं? वडिलांनी मेल केला, असं? तिच्या गप्प बसण्यात राग असेल, पण लाज त्याहून जास्त असेल.

गुणांचं म्हणाल, तर दुसऱ्या वर्षात एम-थ्री, म्हणजे गणिताचा तिसरा पेपर, भल्याभल्यांना खाली आणतो. 7.9 ने कुठलंही दार बंद होत नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. त्या स्पर्धांना सीटीएफ म्हणतात, ‘कॅप्चर द फ्लॅग’. आयोजक मुद्दाम कच्चे दुवे ठेवून सर्व्हर किंवा प्रोग्रॅम तयार करतात. ते दुवे शोधून आत दडवलेली अक्षरांची ओळ, म्हणजे ‘फ्लॅग’, बाहेर काढायची. बँका आणि कंपन्या अशाच तपासणीसाठी पगारी माणसं ठेवतात. गुन्हा ठरतो तो परवानगीवरून. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 43 मालकाच्या परवानगीशिवाय केलेल्या गोष्टींबद्दलच आहे. त्या मोजपट्टीने पाहा : परवानगीशिवाय कुणाच्या तरी खात्यात तुमच्या घरातलं जे शिरलं, ती तुमची मुलगी नव्हती. मी कायद्याची भीती घालत नाही. ती जे शिकते आहे त्याचा पहिला धडाच हा आहे, एवढंच तुम्हाला दिसावं.

मुलींचा वेगळा क्लब कशाला, असंही कुणी विचारेल. दहाजणांच्या टीममध्ये एकटी मुलगी असली की बहुतेक वेळा तिच्याकडे पोस्टर आणि प्रेझेंटेशन येतं, कीबोर्ड दुसऱ्याच्या हातात राहतो. हे मी इतक्या मुलींकडून ऐकलं आहे की आता आश्चर्य वाटत नाही. अमेरिकेत टेनेसी टेक विद्यापीठातल्या प्राध्यापक अंबरीन सिराज यांनी 2012 मध्ये ‘विमेन इन सायबर सिक्युरिटी’ हे काम सुरू केलं. पहिली परिषद 2014 मध्ये नॅशविलला झाली. आज त्याच्या विद्यार्थी शाखा अनेक विद्यापीठांत आहेत. आपल्याकडे केरळमध्ये अमृता विद्यापीठाच्या मुलींची ‘टीम शक्ती’ ही सीटीएफ खेळणारी टीम आहे. तिथे मुली स्वतः कोडी सोडवतात, स्वतः रचतात, चुकतात. सचिव म्हणून तुमची मुलगी शिकवणारे लोक बोलावते, लॅबची परवानगी काढते, पहिल्या वर्षाच्या मुलींना लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम शिकवते. यातलं काहीच मार्कलिस्टवर येत नाही, पण मुलाखतीत पहिली दहा मिनिटं याच्यावरच बोलायला मिळतं.

जागरणाची काळजी मात्र रास्त आहे. या क्षेत्रातली पहिली नोकरी बरेचदा एसओसीमध्ये, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कवर चोवीस तास पाळत ठेवणाऱ्या विभागात मिळते आणि तिथे पाळ्या असतात. मुलींना रात्रपाळी द्यायची तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची सोय महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने बंधनकारक आहे. कोडचं ऑडिट, डिजिटल फॉरेन्सिक, बँकांचं जोखीम तपासणीचं काम दिवसाचंही असतं. हे तिच्याशी बोला. परीक्षेच्या महिन्यात सीटीएफ नको, असं तुम्ही नक्की म्हणू शकता, पण तिच्यासमोर, तिचं ऐकून.

गेट तिसऱ्या वर्षानंतर बघू. सीईएचला आत्ता पैसे घालू नका. नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं होईपर्यंत ‘पिकोसीटीएफ’ हे नवशिक्यांसाठीचं ऑनलाइन सीटीएफ पुरेसं आहे, आणि ते फुकट आहे.

आज संध्याकाळी तिला फोन करा. उचलला नाही तर मेसेज टाका, ‘चुकलं माझं’ असा साधा. क्लबच्या प्राध्यापकांना तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवरून लिहा की तो राजीनामा तिचा नव्हता. आधी मजकूर तिला दाखवा. परत जायचं की नाही, ते ती ठरवेल. आणि तिने पासवर्ड बदलला असेल, तर नवा विचारू नका.