स्टॅक केला की स्विच गेला तरी ऑफिस चालतं का?

प्रश्न: नमस्कार, नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे, साधारण ७० माणसं. नेटवर्कचे ४८ पोर्टचे तीन स्विच एकामागे एक केबल टाकून जोडलेत. मागे मधला स्विच बंद पडला आणि टॅली, फोन, वायफाय सगळंच दुपारपर्यंत ठप्प. व्हेंडर म्हणतो स्टॅकिंगवाले स्विच घ्या, एक गेला तर दुसरा सांभाळून घेतो. खर्च बराच सांगतोय. खरंच एवढा फरक पडतो का, आणि मांडणी करताना काय बघायचं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: व्हेंडर म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. स्टॅकमध्ये तिन्ही स्विच मिळून एकच स्विच असल्यासारखे चालतात, आयपी एक, कॉन्फिगरेशन एक, त्यातला एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक स्टँडबाय, अ‍ॅक्टिव्ह गेला की स्टँडबाय कारभार हातात घेतो. पण जो स्विच मेला त्याच्या पोर्टात ज्यांची केबल आहे ती माणसं बंदच पडणार, कारण पीसीला केबल एकच असते. हे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही, म्हणून आधी सांगितलं.

तेव्हा जे बंद पडून चालणारच नाही ते शोधा, म्हणजे फायरवॉल, टॅलीचा सर्व्हर, नॅस (फाइली ठेवायचा नेटवर्कवरचा डबा), आणि प्रत्येकाच्या दोन केबल दोन वेगळ्या स्विचात लावून एलएसीपीने एक करा, म्हणजे दोन केबल मिळून एकच जोडणी होते. दोन्ही केबल एकाच स्विचात लावल्या तर स्टॅकचे पैसे पाण्यात. अ‍ॅक्सेस पॉइंट एक आड एक वाटा, म्हणजे एक स्विच गेला तरी शेजारच्या पॉइंटवरून वायफाय मिळतं. अकाउंट्सची सगळी टेबलं एकाच स्विचवर नकोत. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिकामे पोर्ट. तीन स्विचचे १४४ पोर्ट, एक गेला की उरले ९६, तर पीसी, फोन, कॅमेरे, अ‍ॅक्सेस पॉइंट सगळं मिळून ९६ च्या आत बसतंय का ते मोजा, पीसीची केबल टेबलावरच्या फोनच्या मागच्या पोर्टातून घेतली तर सहज बसेल. मग स्विच मेला तरी कुणीही पॅच कॉर्ड उपसून बाजूच्या स्विचात लावू शकतो आणि काम सुरू होतं, फक्त व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवर केलेले नेटवर्कचे वेगळे कप्पे, आधीच सगळीकडे सारखे लावून ठेवा आणि कॉर्डना लेबल हवं. यात पीओईचं, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच फोन-कॅमेऱ्यांना मिळणाऱ्या विजेचं, बजेट विसरू नका हं, ३७० वॉटचा स्विच असेल तर ३० वॉट खाणारी उपकरणं १२ च चालतील, पोर्ट ४८ असले तरी.

स्टॅकच्या केबल तीन घ्या, दोन नाही. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि तिसऱ्यातून परत पहिल्यात, अशी रिंग झाली पाहिजे. बरेच जण शेवटची केबल वाचवतात, मग मधली एक सैल झाली की स्टॅकचे दोन तुकडे होतात, दोन्ही तुकडे स्वतःला अ‍ॅक्टिव्ह समजतात, आयपी दोघांचा तोच, आणि मग काय बिघडलंय हेच कळत नाही. रिंग असेल तर एक केबल गेल्यावर स्पीड कमी होतो, तुकडे पडत नाहीत. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ९३०० सारख्या स्विचच्या स्टॅक केबल अर्धा, एक आणि तीन मीटरच्या असतात, त्यामुळे स्टॅक एका रॅकपुरताच, वरच्या मजल्यावरच्या स्विचला दोन फायबर, स्टॅकमधल्या दोन वेगळ्या स्विचमधून. अ‍ॅक्टिव्ह कोण होणार तेही तुम्हीच ठरवा, कॅटॅलिस्टमध्ये प्रायॉरिटी १ ते १५ असते, मोठा आकडा जिंकतो, एकाला १५, दुसऱ्याला १४ द्या. काहीच दिलं नाही तर कमी मॅक अ‍ॅड्रेसवाला (कारखान्यातूनच मिळालेला नंबर) निवडला जातो आणि तो बऱ्याचदा सगळ्यात जुना स्विच निघतो.

वीज. दोन पॉवर सप्लाय घेऊन दोन्ही पिना एकाच यूपीएसात लावलेल्या असतात, तो यूपीएस बसला की सगळंच बसतं. यूपीएस दोन हवेत, आणि सप्लाय एकच असेल तर निदान अ‍ॅक्टिव्ह एका यूपीएसवर, स्टँडबाय दुसऱ्यावर.

आता स्टॅक कशातून वाचवत नाही ते. डोकं एकच असल्यामुळे चुकीचं कॉन्फिगरेशन पडलं किंवा फर्मवेअरमध्ये (स्विचच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) बग निघाला तर तिन्ही एकदम जातात. फर्मवेअर अपग्रेडलाही साधारणपणे पूर्ण स्टॅक रीबूट होतो, काही मिनिटं जातातच, त्यामुळे ते काम रविवारी. जिथे तेवढंही चालत नाही तिथे दोन स्वतंत्र स्विच एमलॅग नावाच्या पद्धतीने जोडतात, दोघांचं डोकं वेगळं, एकेक करून अपग्रेड करता येतो. ७० माणसांच्या ऑफिसला त्याची गरज नाही, त्या पैशात दुसरी इंटरनेट लाइन घ्या. आणि कुणी टेबलाखालच्या छोट्या स्विचच्या दोन केबल भिंतीतल्या दोन पोर्टात खुपसल्या तर लूप होतो, म्हणजे तोच डेटा गोल फिरत राहून नेटवर्क ठप्प होतं, तिथे स्टॅकचा उपयोग शून्य, म्हणून लूप ओळखून जादा वाट बंद करणारा स्पॅनिंग ट्री चालूच ठेवा आणि युजर पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावा, पलीकडे लूप किंवा स्विच दिसला की तो पोर्ट बंद करतो.

शेवटचं पेमेंट द्यायच्या आधी एका शनिवारी व्हेंडरला समोर उभं करा. लॅपटॉपवर पिंग चालू, एक फोन कॉल चालू, आणि त्याला अ‍ॅक्टिव्ह स्विचची पिन काढायला सांगा. मग एक स्टॅक केबल, मग सर्व्हरची एक केबल, मग एक यूपीएस. किती पिंग गेले, कॉल तुटला का, सगळं लिहून घ्या आणि त्यावर त्याची सही घ्या.

प्रश्न: आमच्याकडे दोन वेगळ्या कंपन्यांचे मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारे) स्विच आहेत, ते स्टॅक होतील का? नवीन घ्यायचं बजेट नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: नाही होणार, स्टॅकिंग प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं. पण एलएसीपी आणि रॅपिड स्पॅनिंग ट्री ही सगळ्यांची सामायिक स्टँडर्ड आहेत, २००० आणि २००१ सालची, जुन्या मॅनेज्ड स्विचातही बहुतेक सापडतात. दोन स्विचमध्ये दोन केबल टाकून एलएसीपी करा, आणि मजल्यावरचा स्विच मॅनेज्ड असेल तर त्याची एकेक केबल दोघांना द्या. एक वाट रॅपिड स्पॅनिंग ट्री आपोआप बंद ठेवतो, पहिली तुटली की दुसरी उघडतो, बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत. जुन्या स्पॅनिंग ट्रीला ३० ते ५० सेकंद लागतात, तेव्हा मोड तपासून घ्या. चांगल्या स्विचला ४०९६ प्रायॉरिटी देऊन रूट, म्हणजे मुख्य, करा, दुसऱ्याला ८१९२, इथे लहान आकडा जिंकतो. सर्व्हरला मात्र दोन स्विचवर मिळून एलएसीपी जमणार नाही, तिथे नेटवर्क कार्डाचं अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप टीमिंग वापरा, एक केबल चालू, दुसरी राखीव.