नोकरी सोडून लोकगीतांचे दौरे करावेत म्हणतो. आधी अल्बम काढू की आधी कार्यक्रम करू?

आधी कार्यक्रम. अल्बम नंतर. मी नेमकं उलटं केलं होतं, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते.

तुम्ही लिहिलंय की आठ-दहा पारंपरिक गाणी चांगली बसली आहेत, मित्र म्हणतात रेकॉर्ड करून टाक, आणि शिल्लक आहे ती जेमतेम एका अल्बमपुरती. बारा वर्षांपूर्वी माझंही हेच होतं. नऊ गाणी, गळा, एक मँडोलिन आणि एक डफ. चार दिवस स्टुडिओ घेतला, सीडी छापून घेतल्या आणि त्या खोक्यांसकट गायला बाहेर पडले. दहा-बारा कार्यक्रम झाले नाहीत तोच लक्षात आलं की नऊपैकी पाच गाण्यांची लय चुकली आहे. स्टुडिओत हेडफोनमध्ये मेट्रोनोमची, म्हणजे ठरलेल्या वेगाने ठोके देणाऱ्या यंत्राची, टिकटिक लावून गायले होते. ऐकायला सुबक, पण श्वास घ्यायला कुठे जागाच नाही. समोर माणसं बसली की तेच गाणं आपोआप सैल व्हायचं, आणि धृपदाला चार जण सूर मिसळायला लागले की पुन्हा थोडं पुढे सरकायचं. खोलीत एकटीने कितीही घोटलं असतं तरी ती लय मला सापडली नसती.

त्याहून मोठी चूक एका नावाड्याच्या गाण्यात होती. रात्रीची वेळ, काठावर उभी असलेली बाई नावाड्याला दोनदा हाक मारते, आणि पुढच्या कडव्यात ती थेट पलीकडच्या काठावर! नदी कशी ओलांडली याचा पत्ता नाही. मला ते फार गूढ वाटायचं. गाण्याआधी त्या गूढतेवर दोन-चार वाक्यं बोलायचे सुद्धा. एका वाचनालयाच्या खोलीत कार्यक्रम होता, समोर मोजून नऊ श्रोते. संपल्यावर एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, गूढ कसलं? तुझं एक कडवं पडलंय." आणि उभ्या उभ्याच त्यांनी ते म्हटलं. नावाडी उतराईचे पैसे मागतो, हिच्याकडे नसतात, ती एका कानातलं काढून देते. शेवटच्या कडव्यात "एक कान ओका" असं का येतं, हे चार वर्षं ते गाणं गाऊन मला त्या संध्याकाळी कळलं. तोवर अल्बम छापून झालेला. त्यावर ते गाणं कायमचं मोडकं आहे.

म्हणून म्हणते, आधी गाऊन या. निदान चाळीस-पन्नास वेळा, आपल्या ओळखीच्या नसलेल्या माणसांसमोर. मित्र टाळ्या वाजवतात, कडवं पडलंय म्हणून सांगत नाहीत.

आता दौऱ्याबद्दल. दौरा म्हणजे रोज गाणं असं तुमच्या डोळ्यांसमोर असेल तर ते आधी पुसा. दिवसाचे चोवीस तास धरले तर मी गाते सव्वा तास. बाकीचा वेळ प्रवास, वाट बघणं, फोन, पुढच्या तारखा जुळवणं, हिशेब, आणि पुन्हा वाट बघणं. तीन महिन्यांनंतरच्या तारखांसाठी आज पत्रं पाठवावी लागतात. दहा पाठवली की दोघांचं उत्तर येतं, त्यातलं एक "पुढच्या वर्षी बघू" असतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि ते दुसरं कुणी करत नाही. स्वतंत्र कलाकार म्हणजे स्वतःचा हमाल, कारकून आणि वसुली अधिकारी, असं मी नव्या मुलांना सांगते. ती हसतात. पहिला दौरा करून येतात तेव्हा हसत नाहीत.

वाद्यांचा एक वेगळाच संसार असतो. हवा दमट झाली की डफाचं चामडं ओलावा पिऊन ढिलं पडतं आणि आवाज खाली बसतो. कोरडी आणि गरम झाली की तेच ताणून टणक होतं. तारेचं उलट: गरम झाली की ती लांबते आणि सूर उतरतो. त्यामुळे स्टेजवरचे मोठे दिवे लागले की पंधरा मिनिटांत माझं मँडोलिन उतरायला लागतं आणि डफ चढायला. एकाच दिव्याखाली दोघांची तोंडं दोन दिशांना. यावर उपाय म्हणजे साऊंड चेक (कार्यक्रमाआधीची आवाजाची तपासणी) दिवे लावूनच करायचा, वाद्यं तासभर आधी पेटीतून काढून त्या हवेत ठेवायची, आणि डफाचं गाणं सुरुवातीला घ्यायचं. लाकडी वाद्याला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते, म्हणून पेटीत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवते. बंद गाडीत उन्हात वाद्य ठेवायचं नाही, चहा प्यायला उतरलात तरी. सांधे सुटलेलं मँडोलिन माझ्याकडे आठवण म्हणून आहे.

आणि घसा. गाण्याने तो जेवढा बसत नाही तेवढा कार्यक्रमानंतरच्या गप्पांनी बसतो, कारण गर्दीत, स्पीकरच्या आवाजावर ओरडून बोलावं लागतं. सलग चार दिवस कार्यक्रम असतील तर मी विक्रीच्या टेबलाशी हसते, सह्या करते आणि कमी बोलते. काही लोकांना त्यात शिष्टपणा वाटतो. वाटू दे.

मानधनाचे प्रकार तीन. ठरलेली रक्कम, तिकीटविक्रीतला वाटा, नाहीतर टोपी फिरवणं, म्हणजे श्रोते खुशीने टाकतील तेवढं. टोपीला कमी लेखू नका. एखाद्याच्या घरच्या बैठकीत तीस माणसं असतील तर मोठ्या सभागृहातल्या "वाट्या"पेक्षा जास्त मिळतं, शिवाय माइकही लागत नाही. वाट्याचा व्यवहार असेल तर तो खर्च वजा जाता की आधी, हे लेखी घ्या. मी एकदा घेतलं नव्हतं. सभागृह भरलं होतं, आणि आयोजकांनी जागेचं भाडं, पोस्टर, साऊंडवाला, अगदी हारतुरे सुद्धा वजा करून मलाच चार पैसे देणं लावलं. तेव्हापासून माझ्या पत्रात रक्कम, ती कधी मिळणार, मुक्काम कुठे, साऊंड कुणाचा, हे सगळं असतं. तुम्ही पुरुष असाल तर मुक्कामाची ओळ कदाचित सोडाल. मी सोडत नाही, आणि रात्री उशिरा अनोळखी माणसाच्या गाडीतून पुढच्या गावी जात नाही, मग तारीख गेली तरी चालेल.

पैसे रेकॉर्डिंगमधून येतील अशी आशा असेल तर आकडे आधी बघून घ्या. स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर गाणं किमान ३० सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकलं गेल्याचं धरतच नाहीत, आणि २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत १,००० वेळासुद्धा ऐकलं गेलं नाही त्याला रॉयल्टीच नाही. आपल्यासारख्यांची बरीच गाणी या रेषेच्या खाली असतात. काही जण त्या ३० सेकंदांपायी गाण्याचा संथ आरंभ छाटून टाकतात. मला ते पटत नाही. सावकाश उलगडणारं गाणं दारातच ढकलून दिल्यासारखं होतं. बँडकॅम्प या, कलाकारांना थेट श्रोत्यांना संगीत विकू देणाऱ्या संकेतस्थळावर डिजिटल विक्रीत ते १५ टक्के घेतात आणि वस्तूंवर १० टक्के, बाकी आपलं (पैसे पाठवण्याचा खर्च वेगळा). तिथे माझी गिऱ्हाइकं थोडी, पण ती अख्खा अल्बम विकत घेतात.

खरी विक्री कार्यक्रमानंतर टेबलावर होते. गाणं कानात ताजं असतं तेव्हाच हात खिशाकडे जातो. अमेरिकेतल्या गायिका ॲनी डिफ्रँको यांनी १९९० मध्ये स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि वर्षानुवर्षं गावोगाव गात, कार्यक्रमांत कॅसेटी विकत तिचा श्रोता उभा केला. आज कॅसेटच्या जागी दुसरं काही असेल, टेबल तेच आहे. म्हणूनही दौरा आधी: अल्बम निघेल त्या दिवशी तो विकत घेणारी माणसं आधीच कुठेतरी बसलेली हवीत.

आणि विक्री हळू होते, याने हिरमुसू नका. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या फोकवेज रेकॉर्ड्स या लोकसंगीताच्या कंपनीने दोन हजारांहून जास्त अल्बम काढले आणि खप नाही म्हणून एकही बंद केला नाही. १९८७ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय-संस्थेने तो संग्रह घेतला, तोही सगळे अल्बम उपलब्ध राहतील या अटीवर. लोकगीतांचा अल्बम असाच वर्षानुवर्षं, सुट्या सुट्या प्रतींनी खपतो.

तुमच्या प्रश्नात नाही, पण एक गोष्ट सांगायलाच हवी. "पारंपरिक" हा शब्द कव्हरवर छापण्याआधी खात्री करा. दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये "म्बुबे" हे गाणं रेकॉर्ड केलं. अमेरिकेत पोचल्यावर ते लोकगीत समजलं गेलं, १९६१ मध्ये "द लायन स्लीप्स टुनाइट" या रूपात जगभर गाजलं, आणि लिंडा १९६२ मध्ये गरिबीतच वारले. त्यांच्या मुलींना रॉयल्टीचा वाटा मंजूर व्हायला २००६ साल उजाडलं. तेव्हा गाणं कुणाकडून आलं, त्यांनी कुणाकडून घेतलं, हे वहीत लिहून ठेवा. शब्द आणि चाल कुणाचीच नसली तरी तुम्ही बांधलेली वाद्यरचना आणि तुमचं रेकॉर्डिंग हे तुमचे हक्क आहेत, दोन्ही वेगवेगळे. रेकॉर्डिंगच्या प्रत्येक गाण्याला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या रेकॉर्डिंगची ओळख, मिळतो. तो सुरुवातीलाच घेऊन टाका, नंतर शोधाशोध होते.

त्या वाचनालयातल्या बाईंकडे मी परत गेले. कडवं पुन्हा ऐकलं, फोनवर रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या अल्बमवर नाव घालू का म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "माझं कशाला, माझ्या मावशीचं घाल." घातलं. टेबलावरच्या विक्रीतला त्या गाण्याचा हिस्सा त्यांच्याकडे जातो. रक्कम किरकोळ असते आणि त्या दर वेळी परत करायला बघतात.

दुसरा अल्बम मी स्टुडिओत केलाच नाही. एका मैत्रिणीच्या घरातली मागची खोली, भिंतींना रजया टांगलेल्या, दोन माइक आणि लॅपटॉप. रेकॉर्डिंग २४ बिटवर केलं (त्यात हळू आवाजही स्वच्छ उतरतो), पातळी मुद्दाम खाली ठेवून. मीटर लालपर्यंत नेण्याची गरज उरलेली नाही. मँडोलिनचा माइक भोकासमोर लावला की आवाज घुमतो, म्हणून तो दांडी वाद्याच्या अंगाला जुळते तिथे, वीतभर अंतरावर. टिकटिक नाही. गळा आणि वाद्य एकदमच, प्रत्येक गाण्याचे तीन टेक (सलग गाऊन केलेली रेकॉर्डिंगं), त्यातला एक अख्खा उचलायचा, तुकडे जोडायचे नाहीत. बहुतेक वेळा दुसरा टेक निवडला गेला. पहिल्यात भीती असते, तिसऱ्यात शहाणपणा.

सगळ्यात त्रास दिला तो फ्रिजने. त्याची घरघर कानाला ऐकू येत नाही, माइकला येते. तो बंद करायचा, पण रात्री दोन वाजता दमून घरी जाताना तो परत चालू करायचं हमखास विसरायला होतं. मग एका रेकॉर्डिस्ट मित्राने सांगितलेली युक्ती केली: फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आतच ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली काढायला गेलं की फ्रिज आठवतो. सहा रात्री मी थंडगार किल्लीने गाडी सुरू केली.

गाण्यांचा क्रम लावायला आठवडा गेला. एलपी रेकॉर्डच्या एका बाजूवर साधारण २०-२२ मिनिटं मावायची. मी एलपी काढत नव्हते, तरी गाणी तशाच दोन बाजूंत वाटली, मधे पाच सेकंदांची शांतता. ऐकणाऱ्याला उठून पाणी प्यावंसं वाटेल अशी जागा हवी. नावाड्याचं गाणं दुसऱ्या बाजूला पहिलं ठेवलं. मिक्सिंग, म्हणजे गळा आणि वाद्यांचे आवाज जुळवणं, मित्राने केलं, पण मास्टरिंग, म्हणजे अख्ख्या अल्बमवरचा शेवटचा हात, मात्र अनोळखी माणसाकडून पैसे मोजून करून घेतलं. आपल्या गाण्याच्या प्रेमात नसलेला एक तरी कान त्यावरून फिरायला हवा.

नोकरीचं म्हणाल तर मी पूर्ण सोडली नाही. आठवड्यातले तीन दिवस भाषांतराचं काम करते, आणि ते गाडीत, बसमध्ये, साऊंडवाल्याची वाट बघताना होतं. तुमचं काम असं हलतं असेल तर ते ठेवा. खुर्चीलाच चिकटलेलं असेल तर आधी बिनपगारी रजा काढून पंधरा कार्यक्रमांचा एक दौरा करून बघा आणि घरी आल्यावर खरा हिशेब मांडा, पेट्रोल आणि तारांसकट. स्टुडिओसाठी साठवलेल्या पैशाला तोवर हात लावू नका.

पहिल्या अल्बमची दोन खोकी अजून माझ्या पलंगाखाली आहेत. मधे फेकून द्यायला निघाले होते. आता टेबलावर ठेवते, कमी किमतीत, आणि प्रत्येक सीडीत एक चिठ्ठी घालते, पडलेलं कडवं हाताने लिहिलेली. दौऱ्यात वाट बघायचा वेळ भरपूर असतो, चिठ्ठ्या तेव्हाच लिहून होतात. शंभर-सव्वाशे राहिल्यात.