कर्सर पळतो, उडतो की भरकटतो?

अमळनेरच्या एका वाचकांनी विचारले आहे की, त्यांच्या घरच्या लॅपटॉपवरचा बाण अलीकडे हाताचे ऐकेनासा झाला आहे. जळगावच्या दुरुस्ती करणाऱ्यांना फोनवर सांगताना ते स्वतः ‘माउस पळतो’ असे म्हणाले, त्यांच्या मुलीने ते ‘कर्सर उडतो’ असे सुधारले आणि घरातल्या आजी ‘बाण पयस’ म्हणाल्या. यांपैकी योग्य प्रयोग कोणता आणि ‘माउस’ला मराठी शब्द वापरावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

तिन्ही वाक्यांत व्याकरणाची चूक नाही. मात्र तिन्हींचा अर्थ एक नाही, आणि दुरुस्ती करणारा माणूस समोर यंत्र नसताना केवळ आपल्या क्रियापदावरून तपासाची दिशा ठरवत असल्यामुळे, इथे शब्दाची निवड ही शुद्धाशुद्धतेपेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट आहे. नेमका प्रकार अजून लक्षात आला नसेल तेव्हा ‘बाण भरकटतो’ असे म्हणावे. भरकटणे म्हणजे ठरलेली वाट सोडून जाणे, आणि तेवढेच आपल्याला तोपर्यंत ठाऊक असते. एकदा दोन मिनिटे नीट पाहिले, की भरकटण्याचे वेगवेगळे प्रकार दिसू लागतात आणि त्या प्रत्येकाला मराठीत स्वतंत्र क्रियापद उपलब्ध आहे.

आधी कर्ता कोण ते पाहू. माउस ही हातात धरण्याची वस्तू आहे. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1964 च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत तिचा पहिला लाकडी नमुना तयार केला आणि शेपटीसारख्या वायरीमुळे तिला ते नाव पडले. मराठीने वस्तूबरोबर नावही जसेच्या तसे घेतले, ते पुल्लिंगी ठरवले, अनेकवचनही ‘दोन माउस’ असे तेच ठेवले. आता ते बदलण्याचे काही कारण मला दिसत नाही. ‘उंदीर’ हा शब्द या अर्थाने कोणीही गंभीरपणे वापरत नाही. परंतु ‘माउस पळतो’ या वाक्याचा कर्ता टेबलावरची वस्तू आहे, आणि ती तर जागची हललेलीही नसते. पडद्यावर हलतो तो बाण, म्हणून आजींच्या वाक्यातला कर्ता तिघांत सर्वांत अचूक आहे. ‘माउस बिघडला’ हे वाक्य तर तोच माउस दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिल्यावर, आणि तिथेही तोच त्रास झाला तरच, वापरावे. दुसरा माउस लावूनही आपल्या संगणकावर बाण तसाच वागत असेल, तर माउस निर्दोष आहे.

‘कर्सर’ हा शब्द लॅटिनमधला असून त्याचा मूळ अर्थ ‘धावणारा’ असा आहे. अभियंत्यांच्या जुन्या गणकपट्टीवर पुढेमागे सरकणाऱ्या पारदर्शक तुकड्यालाही हेच नाव होते. संगणकावर मात्र या नावाखाली लोक दोन निरनिराळ्या गोष्टी मोडतात: एक माउसबरोबर फिरणारा बाण आणि दुसरी, लिहिताना पुढचे अक्षर कुठे उमटणार ते दाखवणारी लुकलुकणारी उभी रेघ. विंडोजच्या सेटिंगमध्ये पहिल्याला ‘माउस पॉइंटर’ आणि दुसऱ्याला ‘टेक्स्ट कर्सर’ असे वेगळे म्हटलेले आहे. मुलीचे ‘कर्सर उडतो’ हे वाक्य म्हणूनच संदिग्ध होते. पत्र लिहीत असताना रेघ अचानक वरच्या परिच्छेदात जाऊन बसत असेल आणि पुढची अक्षरे तिथे घुसत असतील, तर लॅपटॉपवर त्याचे नेहमीचे कारण तळहाताचा किंवा अंगठ्याच्या बुडख्याचा टचपॅडला लागणारा ओझरता स्पर्श हे असते. टचपॅड त्याला टिचकी समजतो, बाण ज्या जागी उभा असेल तिथे क्लिक होते आणि रेघ तिथे जाते. सेटिंगमध्ये टचपॅडची संवेदनशीलता कमी करावी, किंवा माउस जोडलेला असताना टचपॅड बंद राहील अशी निवड करावी. या बिघाडासाठी ‘लिहिताना रेघ उडते’ असे म्हणावे; ‘उडणे’ हे क्रियापद मी रेघेसाठीच राखून ठेवीन.

‘पळणे’ आणि ‘धावणे’ ही क्रियापदे आपण एकमेकांच्या जागी वापरतो, तरी ‘पळणे’मध्ये हातून निसटण्याची छटा आहे आणि ती इथे नेमकी उपयोगी पडते. हात थोडासा हलवला तरी बाण पडद्याच्या टोकाला पोहोचत असेल, पण हात थांबताच तोही थांबत असेल, तर ‘बाण पळतो’ हेच योग्य वर्णन आहे. अशा वेळी बिघाड बहुधा नसतोच. अनेक माउसना चाकाच्या मागे एक लहान बटण असते. ते चुकून दाबले गेले की माउसची संवेदनशीलता बदलते. ते बटण नसेल, तर विंडोजमधील पॉइंटरचा वेग पाहावा आणि ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही खूण काढून बघावी, कारण त्या सोयीमुळे हात किती अंतर हलला याबरोबर तो किती वेगाने हलला हेही मोजले जाते आणि तेवढ्याच अंतरासाठी बाण कधी कमी तर कधी जास्त जातो.

आजींचे ‘पयस’ हे ‘पळतो’चेच अहिराणी रूप आहे. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून डोळ्याचा ‘डोया’ आणि काळ्याचा ‘काया’ होतो. आणि ‘करतो’चे ‘करस’, ‘जातो’चे ‘जास’ व्हावे तसे इथे वर्तमानकाळाचे ‘स’ लागते. घरात जी बोली चालते तिच्यात बिघाड सांगायला संकोच करू नये. ऐकणारा माणूस खान्देशातला असेल तर ‘बाण पयस’ त्याला सहज कळेल, आणि इंग्रजी शब्दांची भर घातलेल्या अर्धवट वाक्यापेक्षा ते अधिक स्पष्टही आहे.

माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष ‘थरथरणे’ या क्रियापदाकडे द्यायला हवे, कारण ते सर्वांत कमी वापरले जाते आणि सर्वांत जास्त सांगून जाते. बाण आपल्या जागीच, किंवा जागेच्या आसपास, बारीक बारीक हलत असेल तर तो थरथरतो. आजच्या माउसच्या पोटाशी एक दिवा आणि एक अत्यंत लहान कॅमेरा असतो. तो खालच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे टिपतो आणि लागोपाठच्या चित्रांत काय सरकले यावरून हालचाल ठरवतो. टेबलावर काच असेल किंवा चकचकीत पॉलिश असेल, तर त्याला धरून ठेवायला बारीक खुणाच मिळत नाहीत आणि स्थिर हातालाही तो हालचाल समजतो. माउसखाली साधा कोरा कागद ठेवून पाहणे ही याची सर्वांत सोपी परीक्षा आहे. आपल्याकडे आणखी एक कारण विशेष संभवते. वेचणीनंतर भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवून ठेवणारी कुटुंबे खान्देशात पुष्कळ आहेत, आणि त्या दिवसांत हवेतला एखादा तंतू माउसच्या तळाच्या भोकात अडकला तर तो कॅमेऱ्यासमोर हलत राहतो. माउस उलटा करून ते भोक कोरड्या मऊ ब्रशने स्वच्छ करावे. फुंकर मारू नये, कारण तोंडातला ओलावा भिंगावर जातो.

थरथर माउसची नसून टचपॅडची असेल, तर विचारण्याचा प्रश्न वेगळा आहे: ती चार्जर लावलेला असतानाच होते का? टचपॅड बोटाच्या स्पर्शामुळे विद्युतधारितेत होणारा अतिशय सूक्ष्म बदल मोजतो. चार्जर हलक्या दर्जाचा असेल किंवा घरात अर्थिंग नीट नसेल, तर चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट त्या मोजमापात मिसळतो आणि बाण थरथरतो. जुन्या घरांत तीन भोकांचा सॉकेट दिसतो खरा, पण तिसऱ्या भोकामागे वायर असतेच असे नाही. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागल्यावर झिणझिण्या जाणवत असतील, तर हीच शंका बळावते. चार्जर काढून पाच मिनिटे बॅटरीवर काम करून पाहावे. थरथर थांबली तर संगणकाच्या दुरुस्तीआधी वायरमनला बोलवावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा घामेजलेल्या बोटांनीही टचपॅड फसतो, म्हणून बोटे आणि टचपॅड दोन्ही पुसून मगच निदान करावे. या सगळ्यावरून लक्षात येईल की, ‘बाण थरथरतो’ एवढ्याने वाक्य पूर्ण होत नाही. ‘चार्जर लावलेला असताना’, ‘काचेच्या टेबलावर’, ‘फक्त टचपॅड वापरताना’ अशी जोड त्याला द्यावी. ‘कधीकधी’ या शब्दाने ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

‘अडखळणे’ आणि ‘रेंगाळणे’ यांतला भेदही राखावा. बाण थांबत थांबत, तुकड्यातुकड्यांनी पुढे जात असेल तर तो अडखळतो. हात पुढे गेल्यावर काही क्षणांनी मागून येत असेल तर तो रेंगाळतो. बिनतारी माउस अडखळू लागला तर आधी सेल बदलावा. त्याने भागले नाही तर त्याचा छोटा रिसीव्हर कुठे लावला आहे ते पाहावे, कारण बहुतेक बिनतारी माउस 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात आणि शेजारीच यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क जोडलेली असेल तर तिच्यामुळे त्या लहरींत अडथळा येतो. रिसीव्हर एखाद्या लहान जोडवायरीने माउसच्या जवळ आणला की पुष्कळदा काम होते. वायरचा माउसही अडखळत असेल, तर दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून पाहावा, आणि बाणाबरोबर इतर कामेही रेंगाळत असतील तर टास्क मॅनेजर उघडून कोणता प्रोग्रॅम संगणकाची सगळी शक्ती खातो आहे ते शोधावे. बाण अजिबात हलत नसेल तर ‘अडकला’ म्हणावे. ‘हँग झाला’ही आता रूढ आहे, पण पूर्ण संगणक थांबला की केवळ बाण, हे त्यात सांगावे लागते.

हात न लावता बाण सतत एकाच दिशेला जात असेल, तर त्यासाठी ‘ओढ घेतो’ हा प्रयोग मला फार आवडतो, आणि अशा बाणाला मी ओढाळ म्हणेन. कितीही हाकलले तरी पुन्हा उभ्या पिकाकडेच वळणाऱ्या गुराला आपण ओढाळ म्हणतो, आणि आपल्या भागात त्याचा उच्चार ‘वढाय’ असा ऐकू येतो. काही लॅपटॉपच्या कीबोर्डमध्ये जी, एच आणि बी या कळांच्या मधोमध जी लहानशी गुंडी असते, तिच्यामुळे असे होऊ शकते. तिच्यावरचे बोट काही सेकंद पूर्ण काढून घेतले की ती स्वतःला पुन्हा जुळवून घेते. टचस्क्रीन असलेल्या लॅपटॉपवर पडदा एखाद्या ठिकाणी तडकला असेल किंवा ओला झाला असेल, तर बाण त्याच जागेकडे खेचला जातो. पडदा पुसूनही ओढ राहिली, तर डिव्हाइस मॅनेजरमधून टचस्क्रीन बंद करून पाहावी.

शेवटचा भेद अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांचा आहे. वरच्या सर्व प्रकारांत बाण ‘हलतो’: त्याच्या हालचालीला हेतू नसतो. परंतु बाण सरळ एखाद्या चिन्हाकडे जाऊन ते उघडत असेल, खिडक्या बंद करत असेल, बँकेच्या पानावर अक्षरे उमटत असतील, तर ‘बाण हलतो’ असे म्हणू नये. ‘बाण कोणीतरी हलवत आहे’ असेच म्हणावे. कोणाच्या तरी फोनवरील सांगण्यावरून दूरनियंत्रणाचा एखादा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर आधी घातला गेला असेल, तर हे सहज घडू शकते. तेव्हा प्रथम राउटर बंद करावा किंवा इंटरनेटची वायर काढावी, मग दुसऱ्या उपकरणावरून बँकेचे पासवर्ड बदलावेत, आणि पैसे गेले असतील तर विलंब न करता 1930 या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.