व्हॉल्व्हचा बेस ॲम्प घरघरतो; सगळे व्हॉल्व्ह बदलू का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मामांनी अमेरिकेहून आणलेला सत्तरच्या दशकातला १०० वॅटचा व्हॉल्व्ह (काचेच्या ट्यूबवर चालणारा) बेस ॲम्प, ११७ व्होल्टचा, पुण्यात स्टेप-डाऊनवर, म्हणजे आपली वीज कमी व्होल्टची करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालवताय. चालू केला की घरघर. वीसेक मिनिटांत तापला की चरचर-तडतड. आणि ए हा स्वर वाजवला की काहीतरी झणझणतं. मेकॅनिक म्हणतो, सगळे व्हॉल्व्ह बदला.

बदलू नका. निदान आज तरी नको. ६५५० या मोठ्या आउटपुट व्हॉल्व्हचा जुळवलेला संच स्वस्त नाही, आणि तो घालूनही घरघर जशीच्या तशी राहिलेले ॲम्प मी पाहिलेत. माझी सुरुवात व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करण्यापासून झाली, पुढे ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, त्यामुळे दोन्ही बाजूंनी डोकं आपटून झालंय. तुम्ही एक नाही, तीन तक्रारी सांगितल्यात, आणि तिन्हींचे पत्ते वेगळे असणार.

आधी घरघर. बेस वाजवणाऱ्याला यात एक फायदा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी आहे ४९ हर्ट्झचा. बेस ट्यूनरवर नीट लावून घ्या, ॲम्प घरघरत असताना तो खालचा जी हळू वाजवा आणि धरून ठेवा. तंबोऱ्याची जोडी लावताना तारा जवळ आल्या की लाटा ऐकू येतात, तशाच लाटा इथं येतील. सेकंदाला एक संथ लाट आली तर घरघर ५० ची. दोन आल्या तर १०० ची, कारण मग ती त्या जीच्या तारेतच दडलेल्या दुप्पट, म्हणजे ९८ हर्ट्झच्या, वरच्या सुराशी भांडतेय.

हा फरक फार कामाचा आहे. १०० ची घरघर म्हणजे रेक्टिफायरनंतरची (एसीचा डीसी झाल्यानंतरची) वीज नीट गाळली जात नाही. पन्नास वर्षांचे फिल्टर कंडेन्सर आतून सुकलेले असतात, फुगलेले दिसोत वा न दिसोत. पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. पुश-पुल आउटपुटमध्ये, म्हणजे जिथं व्हॉल्व्ह दोन बाजूंना वाटलेले असतात तिथं, दोन्ही बाजूंची घरघर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना खाते. एका बाजूचा व्हॉल्व्ह थकला की हिशेब चुकतो आणि चांगल्या कंडेन्सरवरही तीच १०० ऐकू येते. म्हणून प्रत्येक आउटपुट व्हॉल्व्हचा करंट मोजायला सांगा. एकच नापास निघाला, तर मेकॅनिकचं चार आणे खरं.

५० ची घरघर असेल तर संशयित वेगळे: व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हिटरच्या तारा, अर्थिंग, शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, किंवा बायसचा (आउटपुट व्हॉल्व्हचा करंट ठरवणाऱ्या व्होल्टेजचा) छोटा कंडेन्सर. हा शेवटचा लोक विसरतात. बऱ्याच ॲम्पमध्ये बायसला एकच डायोड असतो, त्यामुळे तिथला कंडेन्सर सुकला की १०० नाही, ५० येते.

आता बेसची पिन काढा. घरघर गेली? मग दोष बेसमध्ये, केबलमध्ये किंवा खोलीत आहे. दोन सिंगल कॉइल पिकअपचा बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम सारखे ठेवून बघा, अशा बहुतेक बेसवर घरघर तिथंच मरते. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि दिव्यांचा डिमरही बंद करून पाहा. पिन काढूनही आवाज राहिला तर व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरीही हलत नसेल तर दोष व्हॉल्यूमच्या नंतरच्या भागात, म्हणजे पॉवरच्या बाजूला. कमी-जास्त होत असेल तर इनपुटकडच्या १२एएक्स७ या छोट्या व्हॉल्व्हच्या बाजूला. ॲम्प बंद करून, गार होऊ देऊन, इनपुटकडून एकेक छोटा व्हॉल्व्ह काढत जा आणि दर वेळी पुन्हा चालू करून ऐका. ज्याच्या काढण्यानं आवाज थांबला, दोष त्या व्हॉल्व्हपाशी किंवा त्याच्या अलीकडे. तिथं एक खात्रीचा १२एएक्स७ घालून बघा. ईसीसी८३ म्हणून मिळतो तोही तोच. त्यानं फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह निर्दोष, सॉकेट आणि आजूबाजूचे सुटे भाग बघायचे. या सगळ्यात स्पीकर जोडलेलाच हवा. व्हॉल्व्ह ॲम्प स्पीकरशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि त्यापुढे आजचा तुमचा खर्च किरकोळ वाटेल.

खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त संशय तुमच्या स्टेप-डाऊनचा आहे. बाजारातले बरेचसे स्टेप-डाऊन ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात आणि आउटपुटला नुसती दोन चपट्या पिनांची जागा. भिंतीतलं अर्थिंग तिथंच संपतं, ॲम्पची चासी (आतला धातूचा सांगाडा) अधांतरी राहते. वाजवताना बेसच्या तारांना हात लागला की बारीक मुंग्या येतात का? ॲम्पची केबल मुळातच दोन तारांची असेल तर त्या काळच्या पद्धतीनं मेन लाइनमधून चासीला एक कंडेन्सरही जोडलेला असेल. तो शॉर्ट झाला की चासीवर थेट करंट, आणि चासीला जोडलेल्या बेसच्या तारा तुमच्या बोटांखाली. तो कंडेन्सर काढून टाका, तीन तारांची केबल घाला, हिरवी तार चासीला बोल्टनं घट्ट करा, आणि स्टेप-डाऊनही अर्थ पुढे नेणारा, तीन पिनांच्या आउटपुटचा हवा. मग सगळ्या पिना भिंतीतून काढून मीटरनं बघा: चासीपासून स्टेप-डाऊनच्या प्लगमधल्या अर्थच्या पिनेपर्यंत एक ओहमच्या आत यायला हवं. भिंतीतल्या अर्थिंगची खात्री वायरमनकडून करून घ्या. जुन्या वाड्यांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. मिक्सर जोडल्यावर घरघर वाढली म्हणून काही जण अर्थची पिनच कापतात. कृपा करून हे करू नका. त्यासाठी डीआयवर (बेस मिक्सरला जोडायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

यातच एक उपप्रकार: आवाज स्पीकरमधून नाही, हेडच्या (ॲम्पच्या स्वतःच्या) पेटीतूनच येतोय का? कान लावून बघा. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो आणि स्वतःच गुणगुणतो. मागच्या पट्टीवर ५०/६० लिहिलं असेल तर निश्चिंत. मग फक्त त्याचे बोल्ट आवळा.

पेटी उघडायची असेल तर आत पाचशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो धरून बसतात. १० किलो-ओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपा लावून कंडेन्सरवर धरायचा, मीटरवर शून्य बघायचं, मगच हात. एक हात खिशात. सवय नसेल तर उघडू नका, सवय असलेल्या माणसाला बोलवा आणि हे उत्तर त्याच्यासमोर ठेवा. फिल्टर कंडेन्सर बदलले की पहिल्यांदा सिरीज बोर्डवर, म्हणजे विजेच्या वाटेत १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब घालून चालू करा. बल्ब भपकन पेटून मंद झाला की बरं. लख्ख पेटलेलाच राहिला तर ताबडतोब बंद.

तापल्यावरची चरचर म्हणजे बहुधा सैल सॉकेट, सोल्डरचा सुटलेला डाग, किंवा व्हॉल्व्हच्या प्लेटला जोडलेला १०० किलो-ओहमचा जुना कार्बन रेझिस्टन्स. हा शेवटचा आवाज कढईत मोहरी तडतडावी तसा, वाजवत नसतानाही. तिथं मेटल फिल्म घातला की गप्प बसतो. सॉकेट सैल आहे का ते चालू ॲम्पवर चायनीजच्या गाडीवरच्या चॉपस्टिकनं व्हॉल्व्हच्या डोक्यावर हलकेच टिचकी मारून कळतं. खरखरलं तर सॉकेट, टण्ण वाजलं तर व्हॉल्व्ह मायक्रोफोनिक, म्हणजे धक्क्याचाही आवाज करणारा. जॅक आणि पॉटवर (फिरवायच्या बटणांखालच्या भागावर) कॉन्टॅक्ट क्लीनर मारायला विसरू नका, पावसाळ्यानंतर तर नक्कीच.

राहिला ए. हा ५५ हर्ट्झ, आणि एकाच स्वरावरचं झणझणणं बहुतेक वेळा विजेचं नसतंच. मी एकदा याच तक्रारीसाठी एका मित्राचा ॲम्प दोन संध्याकाळी उघडून बसलो होतो. व्हॉल्व्हच्या क्लिपा आवळल्या, स्पीकरचे स्क्रू आवळले, हँडलला कापड गुंडाळलं. शेवटी त्याची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, तू ते वाजवलंस की माझी ताटं वाजतात." भिंतीपलीकडच्या मांडणीतली स्टीलची ताटं. त्यामुळे कॅबिनेट दुसऱ्या खोलीत नेऊन एकदा ए वाजवा. ड्रमसेट असेल तर स्नेअरची जाळी सोडा.

आज फक्त खालच्या जीची परीक्षा करा आणि स्टेप-डाऊन उलटा करून आउटपुटला किती पिनांची जागा आहे ते बघा. लाट एक की दोन, आणि पिना दोन की तीन, एवढं खाली लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.