सत्ताविसाव्या आठवड्यात डॉक्टर बदलू का?

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांची आहे. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सत्ताविसावा आठवडा चालू आहे. मला आधीपासूनच बीपी आहे. पहिल्या वेळी तेहेतिसाव्या आठवड्यात ते एकदम चढलं, लघवीतून प्रथिनं जायला लागली आणि घाईघाईत सिझर झालं. मुलगी १,६०० ग्रॅमची होती, १८ दिवस काचेच्या पेटीत होती. आता ती चार वर्षांची आहे, छान आहे. या वेळी बीपीसाठी लॅबेटालॉलच्या गोळ्या दिवसातून दोनदा आणि रात्री अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी चालू आहे. दवाखान्यात बीपी १३८/८८ भरतं. घरी मात्र गेल्या पंधरा दिवसांत तीनदा १४६/९४ च्या आसपास आलं. आकडे वहीत लिहून नेले, तर वही न उघडताच डॉक्टर म्हणाल्या, "घरची मशिनं खोटी असतात, सारखं मोजत बसू नका, त्यानंच वाढतं." डोकं दुखतं म्हटलं तर "झोप पूर्ण करा." आणि पहिलं बाळंतपण नॉर्मल होतं का, हे त्यांनी मला दोनदा विचारलं! माझा विश्वासच उडालाय. पण नवरा म्हणतो, त्यांचं नाव मोठं आहे. सासूबाई म्हणतात, निम्म्या वाटेत डॉक्टर बदलू नये. नवीन डॉक्टर मला घेतील का? जुन्या चिडतील का? त्यांना सांगायचं तरी काय?
— एक वाचक

उत्तर : पत्राखाली फोन नंबर लिहिलात ते फार बरं केलंत. मासिक छापून येईपर्यंत तुम्ही तिसाव्या आठवड्यात असता, आणि डोकेदुखी काही छापखान्यासाठी थांबत नाही. म्हणून पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी फोन केला आणि आधी डॉक्टर बदलण्याचं काही बोलले नाही. म्हटलं, आत्ता उठा आणि जिथे कुठे दवाखाना उघडा असेल तिथे बीपी, लघवी आणि रक्त तपासून घ्या. तुम्ही गेलात. बीपी १४८/९६ निघालं. लघवीत प्रथिनं नव्हती, प्लेटलेट आणि लिव्हरच्या तपासण्या ठीक होत्या, गोळीचा डोस वाढला. तुमच्या परवानगीनं हे छापते आहे, कारण असं पत्र लिहिण्याच्या बेतात असलेल्या आणखी चारजणी असतीलच.

त्या चौघींसाठी एवढं आधी सांगते. बीपी १६०/११० किंवा त्याच्या वर गेलं, डोकेदुखी हटेना, डोळ्यांपुढे ठिणग्या किंवा अंधारी यायला लागली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, धाप लागली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर डॉक्टर आवडते की नावडते हा विचार करू नका. जो डॉक्टर जवळ असेल तो त्या दिवशी तुमचा डॉक्टर. बदलाबदली नंतर.

आता तुमचा प्रश्न. होय, बदला. सत्तावीस आठवडे म्हणजे उशीर नव्हे. मी स्वतः माझ्या दवाखान्यात छत्तिसाव्या आठवड्यात आलेल्या बायका घेतल्या आहेत. कपाळाला आठ्या घालून घेतल्या, पण घेतल्या. तुम्ही आज गेलात तर नव्या डॉक्टरांच्या हातात अजून काही आठवडे आहेत, तुमचं बीपी कसं वागतं ते त्यांना स्वतः बघता येईल. पस्तिसाव्यात गेलात तर त्यांना फक्त निकाल ऐकून निर्णय घ्यावा लागेल.

पण मी 'बदला' म्हणते ते त्या तोडून बोलतात म्हणून नाही. तोडून बोलणाऱ्या पण कामाला चोख अशा दोन डॉक्टर बायका मला माहीत आहेत. माझ्या सुनेचं बाळंतपण मी त्यांतल्या एकीकडेच केलं. तुमच्या पत्रात मला खटकलं ते वेगळं. मागच्या वेळी तेहेतिसाव्या आठवड्यात काय झालं हे तुमच्या बाबतीतलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य आहे आणि ते त्यांच्या कागदावर नाही. दुसरं, ती वही. घरच्या मशिनवर शंका घेणं चूक नाही. पट्टा दंडाच्या मापाचा नसेल तर आकडा चुकतो; जाड दंडाला छोटा पट्टा लावला की बीपी उगाच जास्त दिसतं. त्यावर उपाय साधा आहे : मशिन दवाखान्यात घेऊन या, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, मग त्यांचं आणि तुमचं मशिन एकामागोमाग एक लावून बघा. दहा मिनिटांचं काम. शिवाय गरोदरपणातलं बीपी आणि लघवीत प्रथिनं असा त्रास सुरू होतो तेव्हा बरीच स्वयंचलित मशिनं आकडा कमी दाखवतात. म्हणजे 'खोटं' असलं तरी खोटेपणा कुठल्या बाजूचा, हे बघायला नको?

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आम्ही शिकलो तेव्हा आधीपासून बीपी असलेल्या गरोदर बाईचं बीपी फार खाली आणू नका, बाळाला रक्त कमी पडेल, असंच शिकवत. १४६/९४ बघून आम्हीही 'चालेल' म्हणायचो. २०२२ साली अमेरिकेतल्या सुमारे २,४०० स्त्रियांवरच्या अभ्यासानं ते मत बदललं : १४०/९० च्या खाली ठेवलेल्या बायकांना गंभीर त्रास कमी झाला आणि बाळं काही जास्त लहान निघाली नाहीत. तुमच्या डॉक्टर कदाचित जुन्या पाठावर असतील. तसं असेल तर तसं त्यांनी सांगायला हवं होतं, वही मिटलेलीच ठेवून 'झोपा' म्हणणं हे उत्तर नाही.

कधी बदलू नये, तेही सांगते. एक बाई पस्तिसाव्या आठवड्यात माझ्याकडे आली. आधीच्या डॉक्टरांनी 'आजच ॲडमिट व्हा' म्हटलं होतं, ते तिला नको होतं. मी फाईल बघितली आणि तेच सांगितलं. ती तिसरीकडे गेली. तिथेही तेच. या फेऱ्यांत सहा दिवस गेले आणि सातव्या दिवशी तिला फिटचा झटका आला. दोघं वाचली, नशीब. नको असलेलं उत्तर मिळालं म्हणून डॉक्टर बदलत असाल, तर आधी दुसऱ्याचं मत घ्या, तेही त्याच दिवशी. आणि तुम्ही दवाखान्यात भरती असताना, बीपी चढलेलं असताना हलवायचं झालं, तर ते डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलून, बीपी आटोक्यात आणून, ॲम्ब्युलन्समधून करायचं काम आहे. घरच्यांनी गाडी काढून करायचं नाही.

जुन्या डॉक्टर चिडतील का? चिडतील बहुधा. मी चिडले होते. तेवीस वर्षं प्रॅक्टिस झाल्यावर एक पेशंट मला सोडून गेली. आधीची दोन सिझर, आणि वार खाली, अगदी जुन्या टाक्यांवर येऊन बसलेली. तिनं विचारलं, "इथे रक्ताची किती सोय आहे? रात्री किती बाटल्या मिळतील?" मी म्हटलं, "तुम्ही फार वाचता." अशा वेळी वार गर्भपिशवीत रुतलेली असू शकते, रक्त बाटल्यांवर बाटल्या लागतं, मूत्राशयाचे सर्जन जवळ लागतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, पण ती मला विचारते आहे हेच डोक्यात गेलं. ती मोठ्या रुग्णालयात गेली. तिनं फाईल मागितली तेव्हा मी 'उद्या देते, उद्या देते' करत चार दिवस लावले. पाचव्या दिवशी तिचा नवरा आला, एक शब्द न बोलता बाकावर बसून राहिला. ऑपरेशनमध्ये वार खरंच रुतलेली निघाली. माझ्या वीस खाटांच्या दवाखान्यात ती टेबलावरच दगावली असती. त्यानंतर माझ्याकडून निघालेल्या प्रत्येक बाईची फाईल मी त्याच दिवशी, वर पत्र लावून दिली आहे.

म्हणून त्यांच्या रागाची काळजी तुम्ही वाहू नका. कारणं सांगायला बसू नका, तक्रारही करू नका. सरळ म्हणा, "पुढच्या तपासण्या मी दुसरीकडे करणार आहे. मला सगळ्या नोंदींची प्रत आणि नव्या डॉक्टरांच्या नावे एक पत्र हवं आहे." तोंडानं जमत नसेल तर चिठ्ठी लिहून रिसेप्शनवर द्या. पण हे केव्हा? नव्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून 'मी घेते' म्हटल्यावर. तोवर जुनी अपॉइंटमेंट चुकवायची नाही, जुन्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. माझ्या अनुभवात घोटाळे होतात ते याच फटीत. इकडचं सुटलं, तिकडची तारीख तीन आठवड्यांनंतरची, आणि मधे संपलेली गोळी कुणी लिहूनच दिली नाही.

आता कागदांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण त्याचं महत्त्व कुणाला वाटत नाही. एक मुलगी बत्तिसाव्या आठवड्यात आली, प्लास्टिकच्या पिशवीत कागदांचा गोळा घेऊन. वरचा रिपोर्ट म्हणत होता, बाळ एकोणतीस आठवड्यांचं. आधीच्या दवाखान्यानं त्यावरून प्रसूतीची तारीखच तीन आठवडे पुढे ढकलली होती आणि 'वाढ व्यवस्थित' असा शेरा मारला होता. मी पिशवी टेबलावर उपडी केली. तळाशी घडी घातलेला, चहाचा डाग पडलेला एक कागद निघाला : अकराव्या आठवड्यातली पहिली सोनोग्राफी. त्या वयात सगळी बाळं जवळजवळ एकाच मापानं वाढतात, म्हणून त्या सोनोग्राफीची तारीख सगळ्यांत भरवशाची; ती एकदा ठरली की नंतरच्या सोनोग्राफीवरून बदलायची नसते. त्या कागदाप्रमाणे बाळ बत्तीस आठवड्यांचंच होतं. म्हणजे ते लहान वयाचं नव्हतं, खुंटलेलं होतं. डॉपलर केला तर नाळेतला रक्तप्रवाह मंदावलेला. तिला ठेवून घेतलं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची दोन इंजेक्शनं दिली आणि चौतिसाव्या आठवड्यात सिझर केलं. बाळ १,५०० ग्रॅमचं. चहाचा कागद हरवला असता तर आम्ही सगळे 'वाढ व्यवस्थित' म्हणत बसलो असतो.

तुमच्या फाईलमध्ये तो पहिला सोनोग्राफी रिपोर्ट हवा. बीपीच्या आकड्यांची ती वही हवीच हवी. गोळ्यांची नावं लिहा आणि डोस कधी बदलला तेही. या गरोदरपणाच्या सुरुवातीचे क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), प्लेटलेट, लघवीतली प्रथिनं यांचे रिपोर्ट ठेवा. पुढे आकडे हलले की ते कुठून हलले हे त्यावरूनच कळतं. आणि मागच्या सिझरची ऑपरेशनची नोंद. डिस्चार्ज कार्ड नव्हे, नोंद. बाहेरचा टाका आडवा आहे म्हणून आतलाही आडवाच असेल असं नाही. तेहेतिसाव्या आठवड्यात गर्भपिशवीचा खालचा भाग नीट तयार झालेला नसतो, त्यामुळे कधीकधी आत उभा छेद घ्यावा लागतो. तो वरच्या भागापर्यंत गेलेला असेल, तर या वेळी कळा येऊच द्यायच्या नसतात, तो टाका उसवण्याचा धोका असतो. तुम्हाला फोनवर विचारलं तर म्हणालात, "आत काय केलं ते कुणी सांगितलंच नाही." बहुतेक जणींना सांगत नाहीत.

नवीन डॉक्टर निवडताना नाव, पाट्या, परदेशी पदव्या बाजूला ठेवा. मी असते तर विचारलं असतं : रात्री दोन वाजता मला झटका आला तर या इमारतीत कोण असेल? झटके थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट कपाटात आहे का? भूल देणारे डॉक्टर किती मिनिटांत येतात? बाळ बत्तिसाव्या आठवड्यात काढावं लागलं तर एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, इथेच आहे की बाळाला दुसरीकडे न्यायचं? हा शेवटचा प्रश्न तुमच्यासाठी सगळ्यांत मोठा. आईच्या पोटातून बाळ एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणं हे जन्मानंतर पेटीतून नेण्यापेक्षा कितीतरी बरं. एक डॉक्टर या प्रश्नांनी वैतागले तर तुम्हाला उत्तर मिळालंच.

नवऱ्याला पुढच्या तपासणीला सोबत न्या, मशिन त्याच्या हातात द्या. त्यानं स्वतः दोन आकडे शेजारी शेजारी बघितले की 'नाव मोठं' हे वाक्य पुन्हा म्हणायचा नाही. सासूबाईंचं म्हणणं मी समजू शकते. डॉक्टर बदलला आणि मधल्या मधे काही राहून गेलं असं त्यांनी कुठेतरी पाहिलं असणार. त्यांना सांगा की राहून जाणार नाही, आणि नव्या तपासणीची तारीख त्यांच्या हातानंच कॅलेंडरवर लिहून घ्या.

ऑपरेशनच्या नोंदीसाठी त्या जुन्या रुग्णालयात अर्ज मात्र आजच द्या. चार वर्षांपूर्वीचे कागद शोधायला तिथे वेळ लागतो.