पणजीच्या आझाद मैदानातला तो खांबांचा मंडप कसला आहे?

मंडप मुळात अफोन्सो दि अल्बुकर्कच्या पुतळ्यासाठी. १५१० मध्ये गोवा जिंकणारा तोच. पोर्तुगीज काळात या चौकाला त्याचंच नाव होतं. मजा खांबांत आहे: ते जुन्या गोव्यातल्या दोमिनिकन चर्चच्या अवशेषांतून आणलेले. १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली, आणि ओस पडत चाललेल्या जुन्या शहराचा दगड असा नव्या शहराच्या कामी आला.

१९६१ च्या मुक्तीनंतर पुतळा हलला. आता तो जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. मंडपात आज डॉ. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापणारे, गोमंतकीय राष्ट्रवादाचे जनक. ज्याने गोवा जिंकला त्याच्या मखरात, तो सोडवायला झटलेला माणूस! मला हा बदल नुसत्या नामांतरापेक्षा जास्त बोलका वाटतो. मैदानात हुतात्मा स्मारकही आहे.

बाकी मैदान शांत बागेसारखं समजू नका. मोर्चे, धरणी, उपोषणं इथेच होतात, तेही पोलीस मुख्यालयाच्या पुढ्यात. गेलात तर शेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारातल्या निळ्या चित्र-फरशा चुकवू नका.