सिनेगॉगही तुझं, मोर्चाही तुझाच

पत्र

प्रिय ताई,

मी ठाण्यात राहते, वकिली करते. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. कॉलेजात असल्यापासून मी मोर्च्यांना जाते. बायकांचे प्रश्न असोत, अल्पसंख्याकांवरचे हल्ले असोत, संविधानाचा मुद्दा असो, घरी कधी कुणी अडवलं नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलवर हल्ला केला, गाझात युद्ध सुरू झालं आणि सगळं बदललं. माझी मावशी इस्रायलमध्ये, अश्दोदला असते. तिच्या मुलाला, म्हणजे माझ्या मावसभावाला, राखीव सैनिक म्हणून बोलावलं. इकडे मी गाझातलं युद्ध थांबवा म्हणणाऱ्या सभेत 'एक ज्यू म्हणून सांगते, हे थांबवा' असा फलक धरून उभी राहिले. फोटो सगळीकडे फिरला. आमच्या सिनेगॉगमधल्या, म्हणजे प्रार्थनामंदिरातल्या, एका काकांनी बाबांना फोन केला, "बाहेर पोलीस कशासाठी उभे असतात ते पोरीला समजावा." आई म्हणते, बहिणीला काय तोंड दाखवू? आणि ज्यांच्याबरोबर मी इतकी वर्षं घोषणा दिल्या, त्यांच्यातली एक मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "इस्रायल असताच कामा नये असं आधी बोल, मगच माइक हातात घे." ७ ऑक्टोबरला मारल्या गेलेल्यांचं नाव काढलं की विषय भरकटवतेस म्हणतात. आता मी सिनेगॉगमध्ये जात नाही आणि सभांनाही जात नाही. दोन्हीकडे आपण खोट्या आहोत असं वाटतं. गप्प बसू का? की एक काहीतरी सोडून देऊ?

— ठाण्याची एक वाचक

उत्तर

प्रिय मुली,

काही सोडू नकोस आणि गप्पही बसू नकोस. मात्र कुणाशी काय बोलायचं आणि कुणाच्या नावाने बोलायचं, हे जरा नीट लावून घ्यावं लागेल. त्याबद्दल सविस्तर लिहिते.

मी बेने इस्रायली नाही, हे आधीच सांगते. पण तुझं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलं ते तुझं शेवटचं वाक्य. आपला धर्म एका बाजूला, आपली मूल्यं दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आपण, असं चित्र तू मनाशी धरलं आहेस. हे चित्रच चुकीचं आहे. दारफळणीच्या सणाला, योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, तू लहानपणापासून दिवसभर उपाशी राहून सिनेगॉगमध्ये बसली असशील. त्या दिवशी सकाळी यशया संदेष्ट्याचा जो भाग वाचतात तो आठव. नुसती मान लववून केलेला उपास देवाला नको आहे. जुलमाच्या बेड्या तोडा, उपाशी माणसाला आपल्यातली भाकर द्या, उघड्याला वस्त्र द्या, हा खरा उपास, असं तिथे ठणकावून सांगितलं आहे. दुपारी योना संदेष्ट्याचं पुस्तक वाचतात. योनाला देव निनवेला पाठवतो. निनवे म्हणजे अश्शूरांचं शहर, इस्रायलच्या शत्रूंचं. ते शहर वाचलं म्हणून योना चिडतो, रुसून शहराबाहेर जाऊन बसतो. त्याच्यावर सावली धरणारं झाड एका रात्रीत सुकतं आणि तो झाडासाठी हळहळतो, तेव्हा देव त्याला विचारतो, तुला एका झाडाचं इतकं वाईट वाटतं, मग ज्यांना उजवा-डावा हातही कळत नाही अशी एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं जिथे आहेत, शिवाय पुष्कळ गुरंढोरं आहेत, त्या शहराचं मला वाईट वाटू नये का? आणि पुस्तक तिथेच संपतं. योनाचं उत्तर त्यात नाही.

वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी, सगळा समाज उपाशीपोटी बसलेला असताना, शत्रूच्या शहरातल्या लेकरांसाठी कळवळणारा हा मजकूर तुमचे लोक पिढ्यान् पिढ्या वाचत आले आहेत. त्यामुळे तू तो फलक धरलास तेव्हा बाहेरून उसनं आणलेलं काही बोलत नव्हतीस. हे तुझ्या मनात पक्कं बसू दे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. काकांना यातून वेगळा अर्थ काढता येईल, आणि त्यांना तो हक्क आहे. पण तू घराबाहेरची आहेस असं त्यांना म्हणता येणार नाही.

आता काकांविषयी. त्यांचा राग बाजूला ठेवून त्यांची भीती बघ. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईत आलेल्या अतिरेक्यांना ताज आणि सीएसटीबरोबर कुलाब्याच्या एका गल्लीतलं नरिमन हाउस हे ज्यूंचं केंद्रही ठाऊक होतं. तिथे सहा जणांना मारलं, ते ज्यू होते म्हणून. भारतात तुम्ही उरलात किती? चार-पाच हजार, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. इतक्या लहान समाजात एका मुलीचा फोटो म्हणजे सगळ्यांचा फोटो होतो. शनिवारी प्रार्थनेला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दारातल्या पोलिसाकडे बघत आत जावं लागतं, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही.

म्हणून एक पथ्य तू स्वतःहून पाळावंस असं मला वाटतं. 'एक ज्यू म्हणून' हे शब्द तुझे आहेत, ते तुझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. पण 'आम्ही ज्यू' असं म्हणू नकोस. सिनेगॉगचं नाव, तिथला फोटो, सणाच्या दिवशीचे कपडे-पदार्थ, तुझ्या फलकाच्या किंवा पोस्टच्या आसपास येऊ देऊ नकोस. जे बोलशील ते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या जबाबदारीवर. असं केलंस की काकांच्या तक्रारीतला जो खरा भाग आहे तो संपतो. उरतो तो दुसरा भाग, की तू काय विचार करावास हे त्यांनी ठरवावं. तो मान्य करायची गरज नाही.

हे सगळं त्यांना प्रत्यक्ष भेटून सांग. बाबांमार्फत नको, समाजाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर अजिबात नको. त्यांच्या घरी जा, चहा घे, त्यांना आधी बोलू दे.

आणि बोलता बोलता जुना विषय निघाला तर काढ. 'आपल्यात असं रस्त्यावर उतरत नाहीत' असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. १९५१ साली इस्रायलला गेलेले बेने इस्रायली काम, घर आणि वागणुकीतल्या भेदभावाला कंटाळून तेल अवीवमध्ये धरणं धरून बसले. आम्हाला परत भारतात पाठवा, ही त्यांची मागणी होती. १९५२ मध्ये त्यातल्या काहींना विमानाने परत आणावं लागलं. पुढे १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने फर्मान काढलं की बेने इस्रायलींचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासाव्यात. म्हणजे अलिबाग-पेणकडच्या ज्या माणसांनी कोकणात तेलाचे घाणे चालवताना शेकडो वर्षं शनिवार पाळला, त्या दिवशी घाणा बंद ठेवला, लोकांनी ज्यांना 'शनवार तेली' म्हटलं, त्यांनाच तुम्ही अस्सल आहात का असा प्रश्न. तेव्हा तुमची माणसं गप्प बसली नाहीत. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली, ठिय्या दिला, उपास केले. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायली हे सर्वार्थाने ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि रब्बींना माघार घ्यावी लागली. त्या आंदोलनात बसलेल्या कुणाचा तरी भाऊ, चुलता आजही ठाण्यात निघेल. एखाद्या वेळी काकांच्याच घरातला.

मैत्रिणीच्या बाबतीत मी जास्त कडक होणार आहे. तिने जे केलं ते अन्यायाचं होतं. युद्धाविरुद्ध उभं राहायला आलेल्या इतर कुणाकडून तिने प्रवेश फी घेतली नाही, ती तुझ्याकडून मागितली, आणि तू ज्यू आहेस एवढ्याच कारणासाठी मागितली. इस्रायलबद्दल, पॅलेस्टिनी राष्ट्राबद्दल, दोघांनी त्या जमिनीवर कसं राहावं याबद्दल तुझं जे मत असेल ते तू विचार करून बनव, बदल, वाट्टेल तिथे मांड. पण माइक मिळावा म्हणून दिलेलं मत तुझं नसतं. उद्या तू तिच्या मनासारखं बोललीसच, तर त्यानंतर तुला बोलावतील ते 'बघा, ज्यूसुद्धा असं म्हणतात' हे दाखवायला. तुझं वकिलीचं काम, तुझी इतक्या वर्षांची मेहनत, सगळं मागे पडेल.

७ ऑक्टोबरला सुमारे १,२०० माणसं मारली गेली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली गेली. त्यानंतर गाझात हजारोंच्या हजारोंनी माणसं मेली, त्यात किती लेकरं. या दोन वाक्यांमध्ये 'पण' घालायला तुला कुणी भाग पाडत असेल, मग ते सिनेगॉगमधले असोत की सभेतले, तर ऐकू नकोस. दोन्ही वाक्यं सलग म्हणता आली पाहिजेत. ज्या सभेत ती म्हणू देत नाहीत त्या सभेचं व्यासपीठ तुला नको. युद्धाविरुद्ध बोलायला दुसरी जागा मिळते, स्वतःही करता येते. चार माणसं आली तरी चालेल.

मैत्रिणीला हेही सांग की इस्रायलमध्येच सरकारविरुद्ध, या युद्धाविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. ओलिसांच्या घरचे कित्येक महिने दर शनिवारी रात्री तेल अवीवमध्ये उभे राहत होते, युद्ध थांबवा आणि आमची माणसं परत आणा म्हणत. १९८२ मध्ये लेबनॉनमधल्या सब्रा आणि शातिला छावण्यांत इस्रायलच्या मित्रपक्षाच्या हत्यारबंद माणसांनी पॅलेस्टिनींची कत्तल केली, तेव्हा तेल अवीवमध्ये लाखोंचा मोर्चा निघाला, चौकशी आयोग नेमावा लागला आणि एरियल शेरॉन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं. ते मोर्चेकरीही ज्यूच होते, आणि त्यांनी आपला देश नाकारून तो मोर्चा काढला नव्हता.

तू लिहिलं नाहीस, पण एक गोष्ट तुझ्या आजूबाजूला नक्की चालू असणार. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे काही लोकांना इस्रायलचं अचानक प्रेम आलं आहे. त्यांच्या तोंडून ज्यूंचं कौतुक निघतं ते शेजारच्या मुसलमानाला हिणवायला. समाजातली थोरली माणसं बिचारी त्या कौतुकाने सुखावतात. इतकी वर्षं आपण कोण हेच कुणाला ठाऊक नव्हतं, आता निदान कुणी आदराने बोलतंय, असं त्यांना वाटतं. त्यांना हे सांगायची तुझी जबाबदारी आहे असं मी मानते. मुंबईत तुमच्या जुन्या वस्त्या मुसलमान मोहल्ल्यांना लागून वाढल्या. भायखळ्याच्या सर जेकब ससून या ज्यूंच्या शाळेत आज बहुतेक मुलं मुसलमान घरांतली आहेत. हा शेजार अडीच हजार मैलांवरच्या भांडणासाठी मोडू द्यायचा का, हा प्रश्न काकांना विचार. त्यांच्याजवळ याचं उत्तर माझ्या-तुझ्यापेक्षा चांगलं असेल, कारण ते त्या शेजारात वाढले आहेत.

या शनिवारी सिनेगॉगमध्ये जा. कुणी तोंड फिरवलं तरी तुझ्या नेहमीच्या जागेवर बस. घरात मलिदा, तो पोह्या-नारळाचा नैवेद्य, असेल तेव्हा पोहे भिजवायला, नारळ खवायला आईजवळ बस. एलियाहू हन्नवीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, आळवणी चालू असताना तुझी राजकीय मतं कुणी विचारणार नाही, आणि तूही सांगायला जाऊ नकोस. तू तिथली आहेस हे वादात जिंकून सिद्ध होणार नाही. ये-जा चालू राहिली तरच लोकांच्या ते अंगवळणी पडेल. सहा महिने लागतील, कदाचित वर्ष.

राहिली मावशी. तिला तुझा फोटो दुसऱ्या कुणीतरी पाठवला असणार, आणि तुझ्याकडून तिला एक शब्दही आला नसणार. हे आधी कर. फोन लाव आणि पहिल्यांदा मुलाची चौकशी कर. तो कुठे आहे, जेवतो का, झोप लागते का, भोंगा वाजला की ती एकटी खाली आसऱ्याच्या खोलीत जाते की शेजारीण सोबत असते. हे सगळं खरोखर ऐकून घे. मग सांग, "मावशी, मी त्या सभेत होते. तो घरी परत यावा म्हणूनही होते, आणि तिकडची लेकरं मरू नयेत म्हणूनही. तुला राग आला असेल तर माझ्यावर काढ, आईवर नको." ती रडेल, ओरडेल, फोन ठेवूनही देईल. चार दिवसांनी पुन्हा लाव. आईला मध्ये घालू नकोस आणि स्पीकरवर बोलू नकोस. काकांकडे त्यानंतर गेलीस तरी चालेल.

तुझी,
ताई